कैद्याशी बोलायला माणूस हवा

श्रोतेहो, नमस्कार.

अटक होऊन तुरुंगात आलेल्या माणसाचे पहिले काही दिवस फार धोक्याचे. वकील कोण, तारीख कधी, कशाचाच पत्ता नसतो. त्यात दारूची सवय असेल तर ती एकदम तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर नसलेलं काहीतरी दिसू लागतं. बराकीतले म्हणतात, ‘नाटकं करतोय.’ पहाऱ्यावरच्या शिपायालाही तसंच वाटलं, तर जीव जाऊ शकतो. म्हणून ही लक्षणं ओळखायला शिकवायची सुरुवात करायची ती या शिपायापासून.

2022 अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. चारांतले तीन कच्चे कैदी, गुन्हा शाबीत न झालेले. आदर्श कारागृह नियमावली 500 कैद्यांमागे एक समुपदेशक मागते. म्हणजे हजाराच्या वर झाले. राज्यांची न्यायव्यवस्था तपासणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने 2025 मध्ये देशभरात मोजले ते मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून 25.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुरुंगातल्या प्रत्येक डॉक्टरला मनाच्या आजारांवरच्या प्राथमिक उपचारांचं शिक्षण द्या म्हणतो. शिवाय ‘तुरुंगात कुणी मनोरुग्ण नाही’ असा अहवाल त्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी द्यायचा. आता ओळखायचं कसं हेच शिकवलं नसेल, तर ‘कुणी नाही’ लिहिणं किती सोपं!

बरं, मानसशास्त्राची पदवी असली म्हणजे भागलं असंही नाही. ‘झोप लागत नाही’ म्हणणाऱ्याला कधी कधी जामीन मिळालेला असतो, फक्त जामीनदार मिळत नसतो. तिथे गोळीआधी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज लागतो. समुपदेशकाला कोर्टाचा कागद वाचता यायला हवा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’चे समाजकार्यकर्ते 1990 पासून तुरुंगात आणि पोलीस ठाण्यांत असंच दोन्हीकडचं काम करत आले आहेत. आणि कैदी मोकळेपणाने बोलायचा तर शिपाई बोलणं ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर हवा. आपलं बोलणं पोलिसांच्या कानावर जाईल ही त्याची भीती काही खुळी नसते.

घरच्यांनाही एक सांगायचंय. माणूस सुटून येईल तेव्हा आत चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी मागून घ्या आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. रात्री-अपरात्री अडलात तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

नमस्कार.