बडोद्याचा घुमट आणि पोथ्यांची खोली

(दृश्य : घुमट, सकाळचे ऊन)

रॉबर्ट चिझमच्या आराखड्याचा हा घुमट बडोदा कॉलेजचा. कॉलेज 1881 चे. शिकवायचे इथे, परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाची. 1857 सालचे ते विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर बेतलेले : स्वतः शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. शिकवणाऱ्यानेच संशोधन करावे, हा आग्रह बर्लिनच्या विद्यापीठात मात्र 1810 पासून होता.

(दृश्य : कलाभवन, कमानी)

1890. सयाजीरावांचे कलाभवन, प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. इथे रंगकाम शिकवत. मंजिष्ठेचा लाल रंग सुती कापडावर तुरटीशिवाय धरत नाही, आणि तुरटीत लोहाचा अंश असला तर काळपटतो. असल्या विद्येला मुंबईच्या पदवीत जागा नव्हती. 1949 मध्ये बडोद्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले, तेव्हा कलाभवन त्यात आले, 1927 चे प्राच्यविद्या मंदिर, म्हणजे जुन्या पोथ्यांची संशोधनसंस्था, तीही आली.

(दृश्य : लाल बासन सुटते, ताडपत्रे)

आणि इथे खरे काम सुरू झाले : वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मुळाच्या जवळचा पाठ ठरवणे.

दक्षिणेकडच्या ताडपत्रावर अक्षरे लोखंडी लेखणीने कोरलेली असतात. काजळी चोळल्याखेरीज नीट दिसत नाहीत. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या श्लोकागणिक ताडून पाहायच्या आणि प्रत्येक पाठभेद टिपायचा.

(दृश्य : भिंगाखाली एक ओळ)

चुका ठरावीक जागी होतात. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने संपल्या की लेखनिकाची नजर पहिलीवरून थेट दुसरीच्या शेवटी जाते. मधला मजकूर गळतो. समासातली टीप पुढचा लेखनिक श्लोक समजून आत घेतो. तीच गळती दोन पोथ्यांत दिसली, तर दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्याचा संशय घ्यायचा. म्हणून इथे बहुमत चालत नाही : एका चुकलेल्या प्रतीच्या दहा नकला म्हणजे साक्ष एकच. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींना न पाहता एकच शब्द देतात, तेव्हा त्या शब्दाला वजन. हे परीक्षेसाठी पाठ करता येत नाही. पोथीपुढे बसूनच हाताला वळण लागते.

बालकांड 1960 मध्ये छापून निघाले, उत्तरकांड 1975 मध्ये.

आज याच शहरात प्रवेश घेताना पहिला प्रश्न नोकरीचा असतो.

(दृश्य : बासनाची गाठ बांधणारे हात. निवेदन नाही.)