कडी

(दृश्य: गुडघा, अगदी जवळून. कडी खाली पडते.)

हा आवाज ऐकलात? काकांच्या पायाला कॅलिपर आहे, म्हणजे पोलादी पट्ट्यांचा आधार. त्याची कडी सांध्यावर सरकली आणि पाय ताठ झाला. आता काका उभे राहतील. बसायचं झालं की तीच कडी बोटांनी वर ओढायची.

डिचोली. श्रावणातला पाऊस. काका दोन वर्षांचे असताना ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध तेव्हा नव्हतं, आजही नाही. विश्रांती, ओल्या फडक्यांचा शेक, पाऊल लोंबू नये म्हणून आधार, दुखणं ओसरलं की व्यायाम. श्वासाचे स्नायू गेले तर यंत्राने श्वास. आणि उभं राहण्यासाठी हा कॅलिपर.

तो कसा बनतो ते नीट बघा.

पाय मोठ्या कागदावर ठेवायचा, पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढायची. मग पोलादी पट्टी वाकवायची, रेघेवर ठेवून पाहायची, पुन्हा वाकवायची. कारागीर तीनदा, चारदा करतात, घाई नाही. कॅलिपरचा सांधा गुडघ्याच्या सांध्यासमोरच यावा लागतो. चुकला तर बसताना पट्टा मांडीत रुततो. पोलिओत पायाची ताकद जाते, स्पर्श शाबूत राहतो. त्यामुळे रुतलेलं सगळं कळतं! पाय आखूड असेल तर बुटाच्या तळाला तेवढा थर चढतो. शेवटी मांडीचा पट्टा: चामडं, आतून मऊ अस्तर.

आणि आपला पाऊस? चार महिन्यांत चामड्यावर बुरशी, रिव्हेटला गंज. म्हणून काका गणेश चवथीआधी इथे, कारागिराकडे येतात, दरवर्षी.

१३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नैसर्गिक, म्हणजे लसीतून न आलेल्या, विषाणूच्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. लसीच्या थेंबांनी हे करून दाखवलं, आणि ते थेंब आजही चुकवायचे नाहीत. पण ज्यांना आधीच पोलिओ झाला, त्यांचा कॅलिपर दुरुस्त करणारे हात आता कुठे शोधायचे, हे कुणी तरी विचारायला हवं.

पोलिओ झालेल्या अनेकांचा उतारवयात थकवा वाढतो, उरलेले स्नायूही दुबळे होतात. तेव्हा व्यायाम बेताने, विश्रांती जास्त.

नवा पट्टा बसला. काका बाकावरून उठतात.

(निवेदन थांबेल. कडीचा आवाज. दाराबाहेर पाऊस.)