अमक्याची बायको आणि तिचं मत

कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘भारतीय स्त्रीचा मताधिकार : १९१७ ते १९५०’. मी सुरुवात मात्र १९५१पासून करणार आहे, कारण या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग कायदा होऊन गेल्यावर घडला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत होत्या. सतरा कोटींहून जास्त मतदार. यादी करणारा माणूस दारात उभा राहून विचारायचा, घरात एकवीस वर्षांवरचं कोण कोण आहे? पुरुषांची नावं पटापट मिळायची. बाईचं विचारलं की उत्तर यायचं, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? त्यानेही ते तसंच लिहून घेतलं. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि तेव्हाची मध्य भारत, विंध्य प्रदेश ही राज्यं, या भागांत हे फार झालं.

सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. असल्या नोंदी चालणार नाहीत, बाईचं स्वतःचं नाव हवं, असं त्यांनी ठरवलं. बिहारला त्यासाठी एक महिना वाढवून दिला आणि त्याचा उपयोगही झाला. तरीसुद्धा देशभरातल्या सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांच्या नोंदी शेवटी काढून टाकाव्या लागल्या. २८ लाख! हक्क राज्यघटनेने दिलेला, आणि नाव सांगितलं नाही म्हणून मत नाही.

हे ऐकून आपण मराठी माणसांनी उत्तरेकडे बोट दाखवू नये. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, आणि बायकोचं नाव तबकातल्या तांदळावर लिहून बदलता येतं. माझ्या आईचं माहेरचं नाव यादीत आणि सासरचं हातातल्या कागदावर, एवढ्यावरून तिला एकदा मतदान केंद्रावरून परत पाठवलं होतं. शेजारपाजारच्या चार जणांनी सांगितलं, या त्याच बाई आहेत. ऐकून घेतलं नाही. ती काही बोलली नाही, घरी येऊन कुकर लावला. बाबा मत देऊन आले होते. त्यांचं नाव जन्मापासून एकच. मला याचा राग तेव्हाही आला होता, आजही येतो. दोन्ही नावं तिचीच होती, आणि त्यातलं एकही तिने निवडलेलं नव्हतं.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तर पत्रिकेतला विषय आता भरभर सांगते.

डिसेंबर १९१७मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मताधिकार मागायला मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं. १९१८च्या मुंबईच्या खास अधिवेशनात काँग्रेसने पाठिंब्याचा ठराव केला. मत कोणाला द्यायचं हे ठरवायला सरकारने नेमलेल्या साउथबरो समितीने मात्र इथली समाजस्थिती पुढे करून नकार दिला. हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांनी १९१९मध्ये लंडनला जाऊन बाजू मांडली. ब्रिटिश पार्लमेंटने निर्णय प्रांतांवर ढकलला. मग इथे रमाबाई रानडे आणि इतर कार्यकर्त्या झटल्या, आणि १९२१मध्ये आधी मद्रास, नंतर मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मत दिलं. पण मालमत्तेची अट कायम. बाईच्या नावावर जमीन कुठली असायची?

आणि आता खरा मुद्दा. १९३५च्या भारत सरकार कायद्याने ही अडचण कशी सोडवली? नवऱ्याकडे पुरेशी मालमत्ता असेल तर त्याची बायको म्हणून तिला मत. त्यामुळे स्त्री मतदार साठ लाखांच्या घरात गेल्या, शिकलेल्या बायकाही त्यात आल्या. पण अखिल भारतीय महिला परिषदेसह तीन संघटनांनी १९३१मध्येच लेखी मागणी केली होती, की सगळ्या प्रौढांना सरसकट मत द्या. लग्नाच्या नात्यावर मिळणारं मत नको. सरसकट मत त्यांना १९५०मध्ये, राज्यघटनेच्या ३२६व्या कलमाने मिळालं.

म्हणून सेन यांची अट मला कागदी हट्ट वाटत नाही. ‘अमक्याची बायको’ एवढी ओळख १९३५च्या कायद्याला पुरत होती, ती त्यांनी नाकारली. मागणी बायकांचीच होती, वीस वर्षांपूर्वीची. मात्र ती त्या २८ लाख घरांतल्या बाईपर्यंत कोणी नेली नव्हती, आणि किंमत तिने मोजली. बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.