ताडोबाला जायचंय? मग आधी गेट ठरवा

नमस्कार मंडळी. कोणी आत्ता नाशिकच्या द्वारका चौकात अडकलं असेल, कोणी कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल, तुमचं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आज ताडोबाच्या प्लॅनिंगचं बोलायचंय, पण वाघाबद्दल कमी आणि त्या जंगलाच्या दारात जी गावं बसलीत त्यांच्याबद्दल जास्त, कारण आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा फजिती झाली ती जंगलात नाही, दारातच झाली.

झालं काय, सफारीचं ऑनलाइन बुकिंग आमच्या दिरांनी केलं आणि रूमचं मी. त्यांना मिळालं कोलारा गेट, मी घेतली रूम मोहर्लीत, दोन्हीकडे ताडोबाच लिहिलेलं म्हणून कोणाला शंकाही आली नाही. संध्याकाळी मोहर्लीत पोचलो, चहा पिता पिता रूमवाल्या दादांना सहज विचारलं की सकाळी कोलाऱ्याला जायला किती वाजता निघू, तर ते कपबशी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, ते तर जंगलाच्या तिकडल्या टोकाले आहे ना जी!" मधून रस्ता आहे, पण तो जंगलाच्या पोटातला, तिथून आपली गाडी न्यायची सोय नाही, बाहेरून चिमूरकडून वळसा घालायचा म्हणजे दोन तासांच्या वर. मग काय, रात्री अडीचला उठून सासूबाईंसकट सगळे गाडीत, दीर गप्प, मी गप्प, आणि सासूबाई मागून अधूनमधून विचारतायत की हे दोघं घरात एकमेकांशी बोलत नाहीत का.

तर पहिलं गेट ठरवा, मग गाडी, आणि रूम सगळ्यात शेवटी. चंद्रपूरकडून येणार असाल तर मोहर्ली सोयीचं, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. नागपूरहून उमरेड, भिसी करत येणार असाल तर चिमूरच्या बाजूचं कोलारा नाहीतर नवेगाव. ही झाली कोअरची गेटं, म्हणजे आतलं जंगल, त्याच्याभोवती बफर, तिथे आगरझरी, देवाडा, जुनोना अशी वेगळी गेटं आहेत. कोअरचं बुकिंग नाही मिळालं की लोक ट्रिपच रद्द करतात, तसं करू नका हो, वाघाला कोअर-बफरची रेघ कुठे माहितीये!

आता जायचं कसं. गाडीने जाणाऱ्यांना सिन्नरजवळ समृद्धी मिळतो, वर्ध्याशी उतरायचं आणि हिंगणघाट, वरोरा करत चंद्रपूर. रस्ता सरळ आहे हेच त्याचं दुखणं, डोळा लागतो, त्यामुळे निघायच्या आधी टायर चेक करून घ्या आणि दोन ड्रायव्हर असतील तरच एका दमात जायचा विचार करा. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, तिथे थांबायचं तर घाईघाईत नको, अर्धा दिवस हाताशी ठेवा. रेल्वेने जायचं तर नाशिकरोडवरून विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम एक्सप्रेस आहेतच, नागपूरला किंवा वर्ध्याला उतरून पुढे बस नाहीतर टॅक्सी. आम्ही आता रेल्वेनेच जातो, रात्री झोपायचं आणि सकाळी तर्री-पोह्यासमोर उठायचं. तर्री म्हटलं की आपल्या मिसळवाल्या नाशिककराचे कान टवकारतात, पण तिथे ती पोह्यावर घेतात आणि मुकाट्याने कबूल करते, छान लागते.

कोअर मंगळवारी बंद असतं, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद. बरेच जण मंगळवार टाळतात. मी म्हणते मुद्दाम मंगळवारीच पोचा आणि तो दिवस चंद्रपूरला द्या. लोकांना चंद्रपूर म्हणजे कोळसा, वीजकेंद्र आणि ऊन एवढंच माहीत. अहो, ती गोंड राजांची राजधानी, जवळजवळ अकरा किलोमीटरचा परकोट आहे गावाला, आणि जटपुरा गेटमधून आजही रिक्षा, स्कूटर, भाजीची गाडी सगळं घुसत असतं. किल्ल्याची गोष्ट अशी सांगतात की राजाच्या कुत्र्यामागे एक ससा लागला, कुत्रा पुढे आणि ससा मागे, तेव्हा राणी म्हणाली इथेच गाव वसवा. तिथेच अंचलेश्वर मंदिराशेजारी राजा बीरशाहची समाधी आहे, ती बांधली त्याच्या राणी हिराईने. सासूबाई तिथे बराच वेळ बसल्या, मग म्हणाल्या, बायकोने नवऱ्यासाठी बांधलेलं एवढं मोठं काही मी पहिल्यांदाच बघतेय.

दिवाळीनंतर गेलात आणि मुक्काम सिंदेवाही, मूल, नागभीडच्या बाजूला जमला तर झाडीपट्टीचं, म्हणजे या भागातल्या लोकरंगभूमीचं, नाटक बघा. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत चालतं, माणसं घरून चादरी घेऊन येतात. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी घेऊ नका, जिप्सीत बसल्या बसल्या घोराल.

जिप्सीत सहा जण बसतात, बरोबर गाईड आणि ड्रायव्हर. ओळखपत्र ओरिजिनल लागतं, बुकिंगला जे दिलंय तेच, आणि शनिवार-रविवारचे दर जास्त असतात. आत मोबाईल वापरायला बंदी आहे, आधी मुलांचे चेहरे पडतात पण अर्ध्या तासात विसरतात, कारण मग कान उघडतात. आमच्या गाईडने एका ठिकाणी नुसता ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, गाडी बंद. काहीच दिसेना. मग लांबून चितळाचा कॉल, एक, दोन, आणि झाडावरचं वानर खाकरल्यासारखं ओरडलं. गाईड खाली धुळीकडे बघतोय, तिथे पंजाचा ठसा, आणि त्याच्यावरून आधीच्या जिप्सीच्या चाकाची नक्षी गेलेली. म्हणजे वाघ त्या जिप्सीच्याही आधी गेला, असं तो हळूच म्हणाला. वीस मिनिटं बसलो, वाघ आला नाही. संध्याकाळी बफरमध्ये अस्वल दिसलं, मुंग्यांच्या वारुळात तोंड घालून बसलेलं, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही त्याने.

आणि हो, ताडोबा हे नाव तारू नावाच्या गोंड वीराचं, वाघाशी लढता लढता तो गेला आणि देव झाला असं मानतात. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात आदिवासींची यात्रा भरते. १९५५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, पण तारू त्याच्या कितीतरी आधीचा.

थंडीचं एक सांगते. विदर्भ म्हणजे ऊन असं धरून आम्ही पातळ जॅकेट नेली होती. निफाडच्या थंडीत वाढलेली मी, पण पहाटेच्या उघड्या जिप्सीत दात वाजले, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत कानटोपी आणि मफलर घ्याच. एप्रिल-मेमध्ये वाघ पाणवठ्यावर येतो म्हणून गर्दी असते, पण पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घरात वयस्कर माणूस असेल तर विचार करा. कपडे मातकट रंगाचे, आणि पांढरा रुमाल नको, एका फेरीत लाल होतो, माझा अजून निघाला नाहीये.

यंदा डिसेंबरमध्ये पुन्हा जातोय. या वेळी सफारी आणि रूम, दोन्हीचं बुकिंग सासूबाईंनी समोर बसून करून घेतलंय, गेटाचं नाव तीनदा वाचायला लावून. चला, येते.