ओलाव्यातून आलेला हायड्रोजन

या दोन पट्ट्या एकाच पत्र्यातून कापल्या आहेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये जस्त, मॅग्नेशियम आणि थोडं तांबं. विमानांसाठी वापरतात त्या जातीचा मिश्रधातू.

पहिली पट्टी कोरड्या हवेत सावकाश ताणली. ती लांबली, मध्यावर बारीक झाली आणि मग तुटली. दुसरी आधी बरेच दिवस उबदार, दमट हवेत ठेवली होती. ती बारीक झालीच नाही, जेमतेम लांबली आणि कडकन तुटली.

हा ठिसूळपणा आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे येतो. पण कोरडा हायड्रोजन वायू अ‍ॅल्युमिनियमचं सहसा काही वाकडं करत नाही. अंगावरचा ऑक्साइडचा थर त्याला बाहेरच अडवतो. खरा धोका ओलाव्याचा. थराला चीर पडली की उघडा धातू पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सुटलेला हायड्रोजन, एकेक अणू करत, आत शिरतो.

आत काय होतं, यावर आजही वाद आहे. धातू ताणला की अणूंचे थर एकदम सरकत नाहीत. स्फटिकातले रेषेसारखे दोष, म्हणजे डिसलोकेशन, पुढे सरकतात आणि धातू आकार बदलतो. १९८०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रोजन सोडताच थांबलेली डिसलोकेशन चालू लागली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अ‍ॅल्युमिनियममध्येच, ती उलट जखडलेली दिसली: रिकाम्या अणुजागांत हायड्रोजन बसला होता आणि त्यांनी वाट अडवली होती. मला दोन्ही निरीक्षणं खरी वाटतात. एकीकडे मोकळीक, दुसरीकडे अडसर; मग सगळी सरक मोजक्या अरुंद पट्ट्यांत गोळा होते आणि बाकीचा धातू ताणाचा वाटा उचलतच नाही.

म्हणूनच तुटलेली कड नीट पाहायला हवी. नुसत्या डोळ्यांना ती ठिसूळ भासते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र स्फटिककणांच्या सपाट पृष्ठांवरही जागोजागी सरकल्याच्या बारीक रेघा सापडतात.

हायड्रोजन पकडणं सोपं नाही, कारण तो उपकरणाच्या निर्वातातही थोडा उरतोच. म्हणून डुसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्याचा जड भाऊ, ड्युटेरियम, वापरला. २०२२ साली त्यांनी दाखवलं की तो मिश्रधातूतल्या सूक्ष्म कणांत आणि स्फटिककणांच्या सीमांवर साठतो.

आता तिसरी पट्टी. हीसुद्धा दमट हवेत राहिलेली, पण नंतर निर्वातात ठेवलेली. हायड्रोजन बराचसा निघून गेला आहे. यंत्र सुरू होतं. पट्टी लांबते आहे, आणि पाहा, मध्यावर बारीक होऊ लागली आहे.