दांड्याचं वजन कोण वजा करणार?

(दृश्य : रावेर परिसर. केळीचे घड ट्रकमध्ये भरले जात आहेत.)

घड कापला, काट्यावर चढला, दांड्याचं वजन वजा झालं, बोर्डाच्या, म्हणजे जाहीर झालेल्या, भावानं हिशेब झाला. जळगावकडच्या केळीच्या पट्ट्यातल्या रावेर, सावदा, फैजपूरच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मग ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधून प्रोग्राम लिहिण्याच्या पद्धतीचा, पहिला धडा कुत्र्या-मांजरांवरच का?

(दृश्य : कॉम्प्युटर लॅब. स्क्रीनवर जावा या प्रोग्रामिंग भाषेतला कोड.)

'माल' हा क्लास, म्हणजे साचा. दारात उभी असलेली भरलेली गाडी हा त्याचा ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातला एक नग. वजन प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट हात न लावता येणारं. ते बदलायचं तर 'वजन नोंदव' ही मेथडच, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेलं कामच, बोलवायची. दांडा तीच वजा करते, शून्याखालचा आकडा तीच नाकारते. याला म्हणतात एन्कॅप्सुलेशन. पोरं मात्र प्रत्येक फील्डला, म्हणजे माहितीच्या खान्याला, गेटर-सेटर (ते थेट वाचायच्या-बदलायच्या मेथड) लावून मोकळी होतात. कुलूप लावलं आणि किल्ली त्यालाच टांगून ठेवली!

तसं पाहिलं तर काटा आणि गाडी ही उदाहरणं या विषयाला परकी नाहीतच. 1960 च्या दशकात ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी 'सिम्युला' भाषा घडवली, तीच मुळी रांगा आणि वाहतुकीसारख्या व्यवहारांची नक्कल कॉम्प्युटरवर करण्यासाठी. तिच्यातला क्लास पुढे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी प्लस प्लस या भाषेत आणला.

खरी गंमत इनहेरिटन्सपाशी, म्हणजे एका क्लासनं दुसऱ्याचा वारसा घेण्यापाशी, सुरू होते. 'माल'पासून 'ग्रँड नैन' आणि 'श्रीमंती' या केळीच्या दोन जातींचे क्लास. इथवर छान. मग प्रत्येकीचा निर्यातीचा आणि देशी बाजाराचा वेगळा क्लास : झाले चार. त्यात रोख आणि उधार आले, की आठ! झाड वाढतं, फांदी कुठली कापायची ते कळत नाही.

इथं पोरं अडकतात, आणि अडकलेलीच बरी. त्याशिवाय कंपोझिशनची, म्हणजे वारशाऐवजी वेगळे ऑब्जेक्ट जोडून घेण्याची, गरज पटत नाही. 1994 मध्ये डिझाइन पॅटर्नवरच्या (प्रोग्राम रचण्याच्या नेहमी लागणाऱ्या युक्त्यांवरच्या) पुस्तकात चार लेखकांनी सांगितलंच होतं : वारशापेक्षा जोडणीला प्राधान्य द्या.

(दृश्य : फळ्यावर नवी आकृती.)

आता 'माल'कडे 'हिशेबाची रीत' हा वेगळा ऑब्जेक्ट दिलाय. 'रक्कम काढ' म्हटलं की रोखीची रीत रोखीनं काढते, उधारीची उधारीनं. हाक एकच, वागणं ज्याचं त्याचं : हेच पॉलिमॉर्फिझम. उद्या कुणी व्यापारी अर्धे आज, अर्धे पंधरा दिवसांनी देतो म्हणाला, तर एक नवी रीत लिहायची. 'माल'ची फाइल उघडावीही लागत नाही.