ॲना मिअर्स : बिनब्रेकच्या सायकलीवरून पथकप्रमुखपदावर

७ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिंपिकचं व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं स्टेडियम. महिला स्प्रिंटची, म्हणजे दोघींमधल्या वेगाच्या शर्यतीची, अंतिम लढत सुरू आहे आणि दोघीही जवळजवळ थांबल्या आहेत.

हो, थांबल्या आहेत! ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. अशा सायकलीवर, कलत्या लाकडी ट्रॅकवर, पाय न टेकता तोल सांभाळायचा. कारण जी पुढे जाईल तिला वारा अंगावर घ्यावा लागतो. मागचीला आयता आडोसा मिळतो, शिवाय पुढचीची प्रत्येक हालचाल दिसते. शेवटी ब्रिटनच्या व्हिक्टोरिया पेंडल्टनला पुढे व्हावंच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या ॲना मिअर्सला हेच हवं होतं. शेवटच्या फेरीत ती मुसंडी मारते आणि सुवर्णपदक नेते. याच लढतीतली त्याआधीची शर्यत पेंडल्टननं जिंकली होती खरी, पण लेन सोडल्याबद्दल पंचांनी ती तिच्याकडून काढून घेतली होती.

ॲना क्वीन्सलंडच्या कोळसा खाणींच्या मुलखात वाढली. थोरली बहीण केरीही सायकलपटूच. २००४ला अथेन्समध्ये घड्याळाविरुद्धच्या ५०० मीटर शर्यतीचं सुवर्ण ॲनानं ३३.९५२ सेकंदांत जिंकलं, विश्वविक्रमासह.

मग जानेवारी २००८. लॉस एंजेलिसच्या विश्वचषक शर्यतीत ती कोसळली. मानेचा दुसरा मणका मोडला. भेग आणखी दोन मिलिमीटर सरकली असती, तर सगळंच संपलं असतं. सात महिन्यांनी बीजिंगमध्ये ती रौप्यपदक घेऊन उभी होती. सुवर्णांपेक्षा हे रौप्य मोठं, असं आम्हाला वाटतं.

२०१६ला रिओत तिनं ध्वज वाहिला, कायरिनमध्ये (मोटरसायकलमागून सुरू होणारी शर्यत) कांस्य मिळवलं आणि निवृत्ती घेतली. खात्यावर ११ जागतिक विजेतेपदं, ६ ऑलिंपिक पदकं. ब्रिस्बेनच्या व्हेलोड्रोमला आता तिचंच नाव आहे.

पॅरिस २०२४ला ती ऑस्ट्रेलियाची पथकप्रमुख होती. (आपल्या पथकाची धुरा तेव्हा गगन नारंगकडे होती.) हे काम लग्नघरातल्या कर्त्या माणसासारखं: सगळं नीट पार पडलं तर कौतुक नवरा-नवरीचं, मीठ कमी पडलं तर बोल याला. ऑस्ट्रेलियानं १८ सुवर्णांसह ५३ पदकं जिंकली. इतकी सुवर्णं त्यांना आधी कधीच मिळाली नव्हती. पण माइकसमोर ॲनाला उत्तरं द्यावी लागली ती वेगळ्याच गोष्टींची. अमली पदार्थांच्या प्रकरणात एक हॉकीपटू पोलिसांच्या हाती लागला. त्याच्या पथकातल्या सवलती काढून घेतल्या गेल्या. ब्रेकिंगमध्ये, म्हणजे ब्रेकडान्समध्ये, उतरलेल्या रेचल गनची समाजमाध्यमांवर जगभर टिंगल झाली, तेव्हा मात्र ॲना ठामपणे तिच्या बाजूनं बोलली आणि टिंगल करणाऱ्यांनाच तिनं सुनावलं.